ब्रेकवरचा पाय : प्रस्तावना

घाबरलेल्या माणसाला आपण सगळे एकच सल्ला देतो : खोल श्वास घे. परीक्षेच्या हॉलबाहेर आई मुलाला तो देते, ऑपरेशनआधी नर्स पेशंटला देते, आणि हल्ली मनगटावरचं घड्याळही थरथरून तेच सुचवतं. सल्ल्यामागे माया आहे, पण सल्ला अर्धा चुकीचा आहे. घाबरलेला माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करत असतो. त्यात त्याने छाती भरून भराभर आणखी श्वास घेतले, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड अजून घटतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. मग मात्र आपल्याला काहीतरी भयंकर होतंय, अशी त्याची खात्रीच पटते. त्याला सांगायला हवं ते याच्या उलट. श्वास सोड, सावकाश सोड. घ्यायचं काम शरीर आपलं आपण करेल.

या एवढ्याशा दुरुस्तीने पुस्तकाची सुरुवात करतोय, कारण पुढच्या प्रकरणांत जे आहे ते बहुतेक याच जातीचं आहे. मन शांत कसं करावं याबद्दल आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नाही. कीर्तनात ते मिळतात, व्हॉट्सॲपवर मिळतात, कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत तर पैसे मोजून मिळतात. त्या सल्ल्यांचा रोख बहुधा विचारांवर असतो : सकारात्मक राहा, सोडून द्या, फार मनाला लावून घेऊ नका. ऐकणारा मान डोलावतो. पण त्याच वेळी त्याचे खांदे कानाला लागलेले असतात, दात दातांवर रुतलेले असतात आणि श्वास गळ्याशी अडकलेला असतो. शरीराला या सल्ल्याची खबरच पोचलेली नसते. खबर पोचवण्याचे रस्ते आहेत, ते शिकता येतात, आणि त्यांतले बरेचसे मनाकडून शरीराकडे जाण्याऐवजी शरीराकडून मनाकडे जातात, एवढंच मला या पुस्तकात सांगायचं आहे.

मनातली खळबळ शरीरात कशी उतरते हे वॉल्टर कॅननने पाहिलं ते मांजराच्या पोटात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, क्ष-किरणांचा शोध अगदी ताजा असताना, हा तरुण हार्वर्डमध्ये वैद्यकशास्त्र शिकत होता. मांजराला बिस्मथ मिसळलेलं अन्न घालायचं आणि त्याच्या जठराची हालचाल पडद्यावर न्याहाळायची, हे त्याचं काम. मांजर निवांत असलं की जठरातून एकामागून एक लाटा सरकताना दिसत. ते बिथरलं की लाटा जागच्या जागी थांबत, आणि शांत झालं की पुन्हा सुरू होत. भय आणि संताप यांनी शरीरात काय काय उलथापालथ होते यावर कॅननने १९१५ साली ग्रंथ लिहिला. लढा किंवा पळा ही आज सगळ्यांच्या तोंडी असलेली कल्पना त्याचीच.

माणसाचं दुखणं असं, की मांजरासारखं ते लगेच संपत नाही. साहेबांचा मेसेज सकाळी साडेनऊला वाचलेला असतो आणि रात्री भाकरीचा घास घेतानाही पोट आवळलेलंच असतं. लढायला कोणी समोर नाही, पळायला जागा नाही, पण शरीर दोन्हींच्या तयारीत उभं. ही तयारी इतकी अंगवळणी पडते की ती तयारी आहे हेच कळेनासं होतं.

माझ्या वर्गाला काही काळ एसटीतून निवृत्त झालेले एक चालक येत. अख्खी नोकरी घाटातल्या गाड्यांवर काढलेली. शवासनात ते झकास पडत, कधी कधी घोरतही. पण उजवं पाऊल कधीच बाहेरच्या बाजूला कलंडत नसे. घोटा ताठ, बोटं पुढे रोखलेली, पोटरीचा स्नायू हाताला दगडासारखा. एकदा मी त्या पायाला हलकेच हात लावून विचारलं, ‘काका, हा पाय आत्ता कुठे आहे?’ त्यांनी डोळे न उघडता जरा अंदाज घेतला आणि हसूनच म्हणाले, ‘ब्रेकवरच आहे की हो!’ मी त्यांना तो सैल सोडायला सांगितलं नाही, कारण सांगून तो सुटला नसता. पाऊल आणखी जरासं पुढे दाबा, मग दाब निम्मा करा, मग त्याच्या निम्मा, एवढंच सांगितलं. पाय त्या दिवशी सुटला नाही. पण पुढे एकदा ते आपणहून सांगत आले, की टीव्हीवर बातम्या बघतानाही पाय तसाच ताणलेला असतो हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. मला विचाराल तर काम तिथे झालं. पाऊल त्यानंतर किती सैल झालं हे दुय्यम. जे लक्षात येतं त्याचंच काही करता येतं.

दाब निम्मा करण्याच्या या युक्तीमागे जुनं शास्त्र आहे. अर्न्स्ट वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८३४ साली दाखवून दिलं, की दोन वजनांमधला फरक आपल्याला कळतो की नाही, हे मूळ वजन किती आहे यावर ठरतं. डोक्यावर गव्हाचं पोतं असेल तर त्यावर चिमणी येऊन बसल्याचं हमालाला कळणार नाही. तीच चिमणी उघड्या तळहातावर बसली तर तिच्या नख्यासुद्धा मोजता येतील. स्नायूंच्या ताणाचंही तसंच आहे. जोर लावून, दात-ओठ खाऊन केलेल्या व्यायामात बारीक ताण हरवून जातात. ते जाणवायला हवे असतील तर हालचाल लहान, मंद आणि कमी कष्टाची करावी लागते.

विसाव्या शतकात हे सूत्र हालचालींच्या शिक्षणात सगळ्यात नेमकेपणाने वापरलं ते मोशे फेल्डनक्राइस यांनी. आजच्या युक्रेनमधल्या स्लावुता गावी १९०४ साली जन्मलेला हा माणूस शिक्षणाने अभियंता आणि भौतिकशास्त्रज्ञ, वर युरोपातल्या सुरुवातीच्या जूदोपटूंपैकी एक. गुडघा निकामी होत चालला तेव्हा स्वतःच्याच चालण्याची बारकाईने तपासणी करता करता त्यांची पद्धत उभी राहिली. जमिनीवर झोपून मान किंवा कंबर अगदी थोडी वळवायची, मध्ये थांबायचं, दोन्ही बाजूंतला फरक पाहायचा. स्नायू पिळदार करण्याशी या धड्यांना कर्तव्य नाही.

आपल्याकडे नेमकं याच ठिकाणी घोडं अडतं. व्यायाम म्हटला की आकडा आलाच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, संस्थानच्या शाळांतून तो सुरू केला, त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण घराघरांत सूर्यनमस्कार पोचला तो बव्हंशी मोजणीच्या रूपाने. बारा, चोवीस, एकशे आठ. रथसप्तमीला सामुदायिक नमस्कारांचा कार्यक्रम पाहावा. ठेका भराभर पुढे जातो आणि निम्म्या लोकांचा श्वास कधीच मागे राहिलेला असतो. त्यात व्यायाम होतो, घामही येतो, आणि त्यात वाईट काही नाही. या पुस्तकात मात्र आकडे जवळपास नाहीत. एक नमस्कार चार मिनिटांत घालून पाहा असं जिथे सुचवलंय, तिथे सवय असलेल्या वाचकाला तो एकशे आठांपेक्षा अवघड वाटण्याचा संभव आहे.

आता श्वासाकडे येतो. हा भाग जरा ऐसपैस लिहितो, कारण श्वासाबद्दल जितकं खरं बोललं जातं तितकंच बेलगामही बोललं जातं.

मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटं टेकवून नाडी धरा आणि श्वास मुद्दाम सावकाश करा. थोड्या वेळाने जाणवेल, की श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ जवळ पडतात आणि सोडताना लांबतात. तरुणांत हे ठळक असतं, वयाबरोबर पुसट होत जातं. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ सालीच हे नोंदवून ठेवलं होतं. हृदयाला मोकळं सोडलं तर ते स्वतःच्या लयीत मिनिटाला सुमारे शंभर ठोके टाकेल. एरवी ते सत्तर-पंचाहत्तरवर असतं ते मुख्यतः व्हेगस या नसेच्या वचकामुळे. मेंदूच्या बुंध्यातून निघून मानेतून, छातीतून थेट पोटात उतरणारी ही लांबलचक नस. श्वास घेताना तिची पकड ढिली होते, सोडताना घट्ट होते. म्हणून लांबवलेला उच्छ्वास म्हणजे हृदयाला दर खेपेला थोडा जास्त वेळ लगाम. शिवाय या नसेतले बहुतेक तंतू, पाचातले चार म्हणावेत इतके, मेंदूचे हुकूम खाली नेत नाहीत. शरीराची खबर वर नेतात.

दुसरी गोष्ट रक्तदाबाची. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत दाब मोजणारे सूक्ष्म पहारेकरी असतात. दाब चढला की ते हृदयाला आवर घालायला लावतात, उतरला की मोकळं सोडायला. या देवाणघेवाणीला वेळ लागतो, आणि तिची एक फेरी साधारण दहा सेकंदांत पुरी होते. श्वासही दहा सेकंदांना एक, म्हणजे मिनिटाला सहा, या गतीवर आणला तर दोन्ही लाटा एकमेकींवर स्वार होतात आणि ही यंत्रणा अधिक चपळ होते. इटलीतल्या पाविया विद्यापीठाचे लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली कॅथलिक जपमाळ म्हणायला लावली आणि ‘ओम् मणिपद्मे हुम्’ हा मंत्रही म्हणायला लावला. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. हा अभ्यास २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. ज्यांच्या घरी दिवेलागणीला रामरक्षा म्हटली जाते, त्यांनी घड्याळ लावून आपले श्वास मोजायला हरकत नाही. पाठांतराच्या स्पर्धेतली रामरक्षा मात्र या हिशेबात धरू नये.

आणखी एक धागा मेंदूतला. श्वासाची लय जिथे उमटते त्या मेंदूच्या बुंध्यातल्या छोट्याशा पेशीसमूहाचं नाव प्री-बॉट्झिंगर. एका जर्मन गावातल्या परिषदेत, जेवणाच्या टेबलावरच्या वाइनच्या बाटलीवर बॉट्झिंगर हे नाव होतं, तिथून ते आलं, शास्त्रज्ञही माणसंच. २०१७ साली अमेरिकी संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं, की या समूहातल्या काही मोजक्या पेशी मेंदूच्या जागं राहण्याच्या, सावध होण्याच्या केंद्राला सतत खबर देत असतात. त्या पेशी काढून टाकल्यावर उंदरांचा श्वास चालूच राहिला, पण उंदीर कमालीचे शांत झाले. एरवी नव्या पिंजऱ्यात सगळीकडे हुंगत फिरणारे प्राणी एका जागी बसून अंग चाटत राहिले. श्वास आणि चित्त एकमेकांना बांधलेले आहेत हे स्वात्मारामाने हठप्रदीपिकेत सांगून पाचेक शतकं झाली. त्या दोरीचा एक पीळ उंदराच्या मेंदूत सापडला, एवढं म्हणायला जागा आहे. उंदरावरून माणसाबद्दल याहून जास्त बोलणारा माणूस बहुधा काहीतरी विकायला आलेला असतो.

विकणाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर ऑक्सिजनचं बोलून टाकू. प्राणायामाने शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो, हे वाक्य शाळेच्या पुस्तकापासून सकाळच्या टीव्हीपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्तातलं हिमोग्लोबिन स्वस्थ बसल्या जागीच ९५ टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनने भरलेलं असतं. कोविडच्या काळात घरोघरी बोटाला चिमटा लावून आपण हे स्वतःच पाहिलं. भरलेल्या भांड्यात आणखी किती ओतणार? प्राणायामाचा फायदा आहे तो दुसरीकडे. गंमत म्हणजे हे आजच्या कुण्या पाश्चात्त्य टीकाकाराने सांगितलेलं नाही. लोणावळ्यात बसून एका मराठी योग्याने जवळपास शंभर वर्षांपूर्वीच प्राणायामाची महती ऑक्सिजनवर तोलू नका, ती मज्जासंस्थेवरच्या आणि शरीरातल्या दाबांवरच्या परिणामांत शोधा, अशी भूमिका घेतली होती.

ते योगी म्हणजे स्वामी कुवलयानंद. मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३. संस्कृतचे विद्वान, बडोद्याला प्रोफेसर माणिकरावांच्या तालमीत तयार झालेले, अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य. नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजींकडून योग शिकले तेव्हा त्यांच्यातल्या शिक्षकाला प्रश्न पडला : याने बरं वाटतं हे खरं, पण आत नेमकं होतं काय? १९२४ साली त्यांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रियांची क्ष-किरणांखाली तपासणी केली, मोठ्या आतड्यातला दाब मोजला, आणि नौलीत तिथे निर्वात स्थिती तयार होते हे दाखवलं. गुरूंच्या स्मरणार्थ तिला नाव दिलं माधवदास निर्वात. त्याच वर्षी लोणावळ्याला कैवल्यधाम उभं राहिलं आणि योगमीमांसा हे त्रैमासिक निघालं. त्यात आसनांच्या छायाचित्रांशेजारी दाबाचे आलेख छापले जात. एका आवारात प्रयोगशाळा आणि पोथ्या दोन्ही. हठप्रदीपिकेची चिकित्सक आवृत्ती स्वामी दिगंबरजी आणि रघुनाथशास्त्री कोकजे यांनी १९७० साली काढली ती याच संस्थेतून.

तिकडे मुंबईत श्री योगेंद्र यांनी, म्हणजे माधवदासजींच्याच दुसऱ्या शिष्याने, १९१८ सालीच वर्सोव्याला गृहस्थांसाठी योगाचा वर्ग सुरू केला होता. सांताक्रूझची त्यांची संस्था आजही चालू आहे. योग गुहेतून बाहेर काढून चाळीत, बंगल्यात, दवाखान्यात आणण्याचं काम या दोघा गुरुबंधूंचं. पण मला कुवलयानंदांचं जास्त अप्रूप वाटतं ते मोजण्याच्या हट्टाचं. मोजायचं ठरवलं की नको ती उत्तरंही ऐकून घ्यावी लागतात. १९६१ साली वेंगर, बागची आणि आनंद या तिघांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला; हृदय बंद पाडतो म्हणणाऱ्या योग्यांची त्यांनी भारतात तपासणी केली होती. हृदय कुणाचंच थांबलेलं नव्हतं. श्वास रोखून आणि छातीचे स्नायू आवळून हृदयाकडे परतणारं रक्त त्यांनी इतकं कमी केलं होतं, की नाडी हाताला लागेना आणि स्टेथोस्कोपला ठोके ऐकू येईनात. विजेच्या आलेखावर मात्र हृदयाचं काम बिनबोभाट चाललेलं. चमत्कार गेला म्हणून कुणी हळहळलं असेल. स्नायूंवरचा एवढा ताबा मला त्या चमत्कारापेक्षा जास्त नवलाचा वाटतो.

शरीराकडे नुसतं पाहत राहण्याची परंपरा याहून जुनी आणि वेगळी आहे. बौद्धांच्या सतिपट्ठान सुत्तात सजगतेची सुरुवात शरीरापासून होते, आणि शरीरात श्वासापासून. ब्रह्मदेशाचे महालेखापाल असलेले सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून ही साधना शिकून सत्यनारायण गोएंका १९६९ साली भारतात आले. १९७६ साली इगतपुरीला धम्मगिरी सुरू झालं, आणि कसारा घाट चढून जाणारी गाडी पकडून दहा दिवस मौन पाळायला जाणं ही मराठी मध्यमवर्गाला ओळखीची गोष्ट झाली. पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांजवळचा श्वास, मग डोक्यापासून पायापर्यंत एकेका भागातल्या संवेदना. त्याच ब्रह्मी परंपरेचा एक झरा अमेरिकेत पोचला. एमआयटीतून रेण्वीय जीवशास्त्रात डॉक्टरेट घेतलेल्या जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात, औषधांनी आणि शस्त्रक्रियांनी ज्यांचं दुखणं हटत नव्हतं अशा रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम आखला. झोपून शरीरभर लक्ष फिरवणं, बसून श्वास पाहणं, आणि हलकी योगासनं. आज मुंबई-पुण्यातल्या कंपन्यांत माइंडफुलनेस म्हणून जे शिकवलं जातं ते याचं नातवंड, काही ठिकाणी फारच अशक्त.

याचा उपयोग किती, तर काही ठिकाणी चांगलाच. २००० साली टीस्डेल, सेगल आणि विल्यम्स यांच्या गटाने नैराश्यातून बाहेर आलेल्या लोकांवर चाचणी केली. ज्यांना आधी तीन किंवा जास्त वेळा नैराश्याचा झटका येऊन गेला होता, त्यांच्यात नेहमीच्या उपचारांवर ६६ टक्के लोकांना तो पुन्हा आला. सजगतेचा अभ्यासक्रम केलेल्यांत ३७ टक्क्यांना. पण ज्यांना आधी दोनदाच येऊन गेला होता त्यांना या अभ्यासक्रमाचा फायदा दिसला नाही. आणि ब्रिटनमध्ये ८,०००हून जास्त शाळकरी मुलांवर झालेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, वर्गात सजगतेचे धडे दिलेल्या मुलांचं मानसिक आरोग्य इतरांपेक्षा काही सुधारलं नाही. बऱ्याच मुलांनी घरी सरावच केला नव्हता. तेरा वर्षांच्या मुलाला हुकमावरून शांत बसवून श्वास बघायला लावून फारसं काही साधत नाही, हे कोणत्याही मराठी शाळेतल्या पीटीच्या सरांनी चाचणीशिवाय सांगितलं असतं.

शरीराकडे लक्ष दिलं की भलंच होतं, हेही सरसकट खरं नाही. स्वतःचे ठोके नाडी न धरता मोजता येतात का, हे पाहण्याची रायनर शांड्री यांची १९८१ सालची कसोटी प्रसिद्ध आहे. पुढच्या संशोधनात सारा गारफिंकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन गोष्टी वेगळ्या काढल्या : शरीरातलं खरोखर किती अचूक कळतं, आपल्याला खूप कळतं असं किती वाटतं, आणि या दोहोंचा मेळ किती बसतो. छातीतल्या प्रत्येक ठोक्याने दचकणाऱ्या माणसाला शरीर फार जाणवतं. त्याला आणखी लक्ष द्यायला सांगणं म्हणजे आगीत तेल. त्याला हवी असते लक्ष देण्याची निराळी तऱ्हा : ठोका जाणवला, आता तळपायाला फरशी गार लागतेय का ते पाहा, मग पुन्हा ठोका. लक्ष नेता आलं पाहिजे तसं काढूनही घेता आलं पाहिजे. पुस्तकातला निम्मा सराव या ये-जा करण्याचा आहे.

सावरण्याबद्दल माझी समजूतही याच ये-जा करण्यावर बेतलेली आहे. सदैव शांत असणारी माणसं मला फार भेटली नाहीत, आणि जी भेटली त्यांच्यापैकी काहींना कुणाचं काही पडलेलंच नव्हतं. चिडणं, धास्तावणं, रडू येणं हे निरोगी शरीराला जमलंच पाहिजे. प्रश्न असतो तो परतीचा. भांडण संपून तासभर झाला तरी जबडा आवळलेला का? मुलगी सुखरूप घरी आली तरी हात गार का? नाडीच्या ठोक्यांचं जवळ-लांब होत राहणं हे हृदय परिस्थितीप्रमाणे वळू शकतं याचं लक्षण आहे. अगदी घड्याळासारखी एकसुरी नाडी ही वैद्यकात चांगली खूण मानत नाहीत.

आता पुस्तक वापरायचं कसं. पहिला सराव श्वासाचा नाही, हालचालीचा आहे, आणि तो मुद्दाम तसा ठेवला आहे. ज्यांच्या अंगावर कधी हात उगारला गेला आहे, ज्यांनी अपघात पाहिला आहे, ज्यांना भीतीचे झटके येतात, त्यांच्यापैकी अनेकांना डोळे मिटून श्वासावर लक्ष ठेवलं की गुदमरल्यासारखं होतं. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, भिंतीला पाठ लावून बसावं, घोटे आणि बोटं हलवण्यापासून सुरुवात करावी, आणि श्वासाचं प्रकरण वाटलं तर महिन्याने उघडावं, वाटलं तर उघडूच नये. चालू असलेल्या गोळ्या या पुस्तकाच्या भरवशावर कमी करू नयेत. तो निर्णय गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांचा.

श्वास रोखण्याचे प्रकार, म्हणजे कुंभक, यात नाहीत. हठप्रदीपिकाच श्वासाला सिंह-हत्तींप्रमाणे हळूहळू वश करायला सांगते आणि घाई केली तर साधकाचाच घात होतो असं बजावते. बी. के. एस. अय्यंगार पुण्यात विद्यार्थ्यांना प्राणायामाकडे वळवत ते आसनांचा पाया पक्का झाल्यावर, आणि तेही आधी झोपवून. ज्यांना कुंभक शिकायचा आहे त्यांनी समोर बसणारा शिक्षक गाठावा, पुस्तक किंवा फोन नव्हे. कपालभातीवर एक छोटं प्रकरण अगदी शेवटी आहे, ते लोक विचारतातच म्हणून. उच्च रक्तदाब, काचबिंदू, हर्निया, मिरगी असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी ते वाचलं तरी करू नये. बाकीच्यांनीही सकाळी उपाशीपोटी, एका वेळी वीस-तीस झटक्यांच्या पुढे न जाता करावं, आणि मध्ये चक्कर आली तर तिथेच थांबून, खुर्चीवर टेकून, श्वास आपला आपण पूर्वपदावर येईपर्यंत काहीही करू नये.